पाहुण्यांची पारख

प्रश्न : दापोलीजवळ मुरुडला आमचं घर आहे. मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. मिस्टर मुंबईला नोकरीला, घरात मी आणि सासूबाई. मे महिन्यात चौघांचं बुकिंग करून नऊ जण आले आणि रात्रभर धिंगाणा घातला. शेजारी म्हणतात, फक्त फॅमिली घ्या, आडनाव बघून ठरवा. तुम्ही काय करता?

उत्तर : ताई, आडनावावरून माणूस कळत नाही. जातधर्म बघून खोली नाकारणं मला अन्यायाचं वाटतं, आणि त्याने तुमची रात्रीची झोपही शाबूत राहत नाही. ‘फक्त फॅमिली’ म्हटलंत तर एकटी फिरणारी बाई आणि कामानिमित्त आलेली सरळ मुलंही परत जातील.

मी गुहागरला खोल्या देते. बुकिंग ॲपवरून येवो की ओळखीतून, फोनवर बोलल्याशिवाय पक्कं करत नाही. लहान मुलं धरून माणसं किती? गाड्या किती? किती वाजेपर्यंत पोहोचाल? जेवायला काय करू? हा जेवणाचा प्रश्न फार कामाचा. ज्याला खरंच राहायला यायचंय तो सुरमई मिळेल का, मोदक कराल का, धाकटीला तिखट चालत नाही, असं बोलत सुटतो. दुसरा म्हणतो, ‘जेवणाचं बघू हो, पण आजूबाजूला कोणी राहत नाही ना?’ चौघांच्या तीन गाड्या निघाल्या की खरा आकडा तिथेच समजतो.

बोलणं झालं की नियम व्हॉट्सॲपवर पाठवते : ठरल्यापेक्षा जास्त माणसं चालणार नाहीत, रात्री दहानंतर गाणी बंद. त्यावर ‘मान्य’ असं उत्तर आलं की मगच निम्मा ॲडव्हान्स घेते. घरात तुम्ही दोघीच, तेव्हा उजेड असेतो पोहोचायला सांगा.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं बघा, बुकिंग करणाऱ्या एकाचंच नाही. आधारच हवं असा हट्ट नको. लायसन्स, मतदार कार्ड, पासपोर्ट चालतो. पॅनवर पत्ता नसतो. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार कुणी दिलं तर संशय घेऊ नका, ती सोय सरकारनेच दिली आहे. फोटो आणि चेहरा जुळवा, रजिस्टरमध्ये सही घ्या. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती 24 तासांच्या आत सरकारकडे ऑनलाइन भरावीच लागते.

लग्न न झालेलं जोडपं आलं तर सासूबाई कुरकुरतील कदाचित. पण दोघं सज्ञान असतील, ओळखपत्रं असतील, तर त्यांना खोली देण्यात बेकायदा काही नाही. लग्नाचा दाखला मागू नका.

पुन्हा चौघांचे नऊ झाले, तर सामान गाडीतून उतरण्याआधीच बोला. चौघांना ठेवा, बाकीच्यांसाठी शेजारी खोली बघून द्या. ऐकत नसतील तर ॲडव्हान्स परत करा. आवाज चढवला तर सरळ 112 लावा. मे महिन्यात मुरुडला तुमची खोली रिकामी राहायची नाही.