अमेरिकन फुटबॉलमधल्या बचावपटूची कारकीर्द नेमकी कशी असते?

तुमचा प्रश्न असा आहे की एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची मुख्य व्यावसायिक लीग, बघायला लागल्यापासून कानावर फक्त क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणाऱ्या खेळाडूची, नावं पडतात, मग बचाव करणाऱ्याची कारकीर्द मोजायची कशावर? एखाद्या खेळाडूचं उदाहरण देऊन सांगा, असंही तुम्ही म्हटलंय. मी बरीच वर्षं शिकागोजवळ राहतो, इथल्या बेअर्स संघाचा चाहता आहे, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर लगेच एकच नाव येतं: चार्ल्स टिलमन. 2003 ते 2015 अशी तेरा वर्षं तो खेळला, त्यातली बारा बेअर्सकडून. खेळाडूंची संघटना सरासरी कारकिर्दीचा जो आकडा सांगते तो साडेतीन वर्षांच्याही आतला आहे. हे लक्षात घेतलं की तेरा वर्षांची किंमत कळते.

टिलमन कॉर्नरबॅक होता. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, समोरच्या वाइड रिसीव्हरला, म्हणजे पळत जाऊन पास झेलणाऱ्याला, चेंडू झेलू द्यायचा नाही, हे त्याचं काम. रिसीव्हरला आपण कुठे पळणार हे ठाऊक असतं, कॉर्नरबॅकला ते ओळखावं लागतं, आणि तेही सुरुवातीला उलट्या पावलांनी पळत. कबड्डी बघितली असेल तर हे चटकन कळेल: टाळ्या चढाईला पडतात, पण कोपऱ्यावरच्या गड्याने घोटा धरला की सामना फिरतो.

त्याचे वडील लष्करात होते, त्यामुळे लहानपणी सारखी गावं बदलली. लुईझियानातल्या लाफायेटच्या विद्यापीठातून तो खेळला. ते काही फुटबॉलसाठी देशभर नावाजलेलं विद्यापीठ नव्हतं, तरी बेअर्सने 2003 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, त्याला दुसऱ्या फेरीत, 35 व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच वर्षी डिसेंबरात मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध सोल्जर फील्डवर, बेअर्सच्या घरच्या मैदानावर, सामना होता. बेअर्स 13-10 असे पुढे, शेवटची काही मिनिटं उरलेली. व्हायकिंग्जच्या क्वार्टरबॅकने एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवायच्या पट्ट्यात, रिसीव्हर रँडी मॉसकडे उंच चेंडू फेकला. उंच चेंडू झेलण्यात मॉसचा हात धरणारा त्या काळात कोणी नव्हता. त्याने तो झेललाही, पण टिलमनने त्याच्या हातातून चेंडू अक्षरशः ओढून घेतला. शिकागोने त्याला ओळखलं ते त्या दिवशी.

पण त्याचं नाव झालं ते ठोशामुळे. लहानपणी त्याच्या मावशीने त्याला ‘पीनट’ म्हणायला सुरुवात केली होती, ते टोपणनाव पुढे चिकटलं आणि त्याच्या ठोशालाही लागलं. आज कुठल्याही सामन्यात कोणी मूठ मारून चेंडू पाडला की समालोचक ‘पीनट पंच’ म्हणतात.

हा ठोसा नीट समजून घ्या, कारण बचावपटूची सगळी कला त्यात दिसते. चेंडू घेऊन पळणारा खेळाडू चेंडूचं एक टोक बोटांत धरतो, दुसरं कोपराच्या खोबणीत बसवतो आणि मधला भाग बरगड्यांवर दाबतो. पकड पक्की असते, ओढून सहसा निघत नाही. बहुतेक बचावपटू आधी माणसाला पाडतात आणि जमलंच तर चेंडू ओढतात. टिलमन एका हाताने माणसाला विळखा घालायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताची मूठ थेट चेंडूवर हाणायचा. ओढायला वेळ लागतो, तेवढ्यात पळणारा सावध होतो. ठोसा अनपेक्षित असतो आणि चेंडू जागचा हलला की पकड सुटते. धोकाही मोठा आहे. नेम चुकला आणि विळखा सैल पडला तर समोरचा निसटून आणखी वीस यार्ड पळतो, आणि प्रशिक्षकाची बोलणी खावी लागतात. म्हणूनच एवढ्या सातत्याने हे करायला दुसरा कोणी धजावत नव्हता.

खाली पडलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. समोरच्या संघाने पन्नास-साठ यार्ड मेहनतीने मिळवलेले असले तरी एका ठोशात ते पाण्यात जातात. 2004 मध्ये लव्ही स्मिथ बेअर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. चेंडू हिसकावणं हेच त्यांच्या बचावाचं सूत्र होतं. सरावातसुद्धा जमिनीवर पडलेला प्रत्येक चेंडू उचलून पळायचं, अशी त्यांची शिस्त. त्यांच्या व्यूहरचनेत कॉर्नरबॅक पुष्कळदा एकाच रिसीव्हरच्या मागे न धावता आपला पट्टा राखतो, नजर क्वार्टरबॅकवर ठेवतो आणि कडेने चेंडू घेऊन पळत येणाऱ्या रनिंग बॅकला स्वतः पाडतो. सहा फूट दोन इंच उंचीच्या टिलमनला हे फार मानवलं. जितके टॅकल, म्हणजे माणसाला धरून पाडणं, जास्त, तितक्या ठोशाच्या संधी जास्त.

कारकिर्दीत त्याने 44 वेळा समोरच्याच्या हातून चेंडू पाडला आणि 38 वेळा पास अडवून स्वतः झेलला. पहिल्या आकड्याचं मला जास्त अप्रूप वाटतं. चेंडू पाडणाऱ्यांच्या यादीत वरच्या बाजूला रॉबर्ट मॅथिस, ज्युलियस पेपर्स अशी नावं आहेत, पण ते क्वार्टरबॅकवर धावून जाणारे. क्वार्टरबॅक चेंडू फेकण्यासाठी हात मागे नेतो तेव्हा चेंडू उघडा असतो. टिलमनला मात्र छातीशी घट्ट कवटाळलेला चेंडू सोडवायचा होता. त्या यादीत कॉर्नरबॅक असणंच नवलाचं आहे.

2012 हे त्याचं सर्वोत्तम वर्ष. त्या एका मोसमात त्याने दहा फंबल करवले, म्हणजे दहा वेळा समोरच्याच्या हातून चेंडू पाडला. डॅलस आणि जॅक्सनव्हिलविरुद्धच्या लागोपाठच्या दोन सामन्यांत त्याने आणि बचावाच्या मधल्या फळीतल्या (लाइनबॅकर) लान्स ब्रिग्जने, दोघांनीही, पास अडवून चेंडू थेट एंड झोनपर्यंत नेला, म्हणजे टचडाउन केले. दोन सहकाऱ्यांनी असं सलग दोनदा करणं एनएफएलमध्ये पूर्वी झालं नव्हतं. ऑक्टोबरात डेट्रॉइटचा रिसीव्हर कॅल्व्हिन जॉन्सन याला त्याने तीन झेलांत 34 यार्डांवर रोखलं. जॉन्सनने त्या वर्षी झेलांतून 1,964 यार्ड मिळवण्याचा एका मोसमातला विक्रम केला, म्हणजे त्याला इतरांनी किती मोकळं सोडलं होतं बघा. आणि 4 नोव्हेंबरला नॅशव्हिलमध्ये टेनेसी टायटन्सविरुद्ध एकाच सामन्यात चार फंबल! पत्नी बाळंत व्हायची होती, वेळ आली तर सामना सोडीन असं त्याने त्या आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं. वेळ आली नाही, तो खेळला आणि बेअर्स 51-20 ने जिंकले.

कुटुंबाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगितलं पाहिजे. 2008 मध्ये त्याची जेमतेम तीन महिन्यांची मुलगी हृदयाच्या गंभीर आजाराने दवाखान्यात होती. स्नायू सैल पडून हृदय फुगत जाण्याचा तो आजार. आधी कृत्रिम पंपावर ठेवून, मग जुलैमध्ये शिकागोत तिचं हृदय प्रत्यारोपण झालं. टिलमनची आजारी मुलांसाठीची संस्था आधीपासून होती, पण त्यानंतर तो त्या कामात पूर्ण मनाने उतरला. 2013 च्या मोसमासाठी त्याला वॉल्टर पेटन पुरस्कार मिळाला. समाजकार्यासाठी खेळाडूला मिळणारा लीगमधला हा सर्वांत मानाचा पुरस्कार, आणि पेटन स्वतः बेअर्सचाच, त्यामुळे शिकागोत त्याचं मोल आणखी.

शरीर मात्र हिशेब मागतंच. 2013 मध्ये उजव्या दंडामागचा स्नायू फाटला. मूठ पुढे फेकायला जोर देतो तोच हा स्नायू. वर्षभर मेहनत करून परतला आणि 2014 मध्ये दुसऱ्याच सामन्यात तोच स्नायू पुन्हा फाटला. बेअर्सने नवा करार केला नाही. या लीगमध्ये करारातली सगळी रक्कम हमीची नसते आणि तिशी ओलांडलेल्या कॉर्नरबॅकसाठी कोणी थांबत नाही. 2015 मध्ये कॅरोलायना पँथर्सने घेतलं, तिथले प्रशिक्षक रॉन रिव्हेरा त्याला बेअर्सच्या दिवसांपासून ओळखत होते. पँथर्स पंधरा सामने जिंकले, फक्त एक हरले, पण साखळीतल्या शेवटच्या सामन्यात टिलमनच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, त्याला बाहेरूनच बघावा लागला आणि संघ डेन्व्हरकडून हरला. त्याआधी 2007 च्या फेब्रुवारीत बेअर्सकडून तो सुपर बोल खेळला होता, तोही इंडियानापोलिसने जिंकला. विजेत्यांना मिळणारी अंगठी त्याला कधीच मिळाली नाही.

2016 मध्ये बेअर्सशी एका दिवसाचा करार करून तो बेअर्सचा खेळाडू म्हणून निवृत्त झाला. पुढे समालोचन करत बसणं सहज शक्य होतं. पण तो एफबीआयमध्ये, अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेत, भरती झाला. विद्यापीठात गुन्हेशास्त्राशी संबंधित पदवी घेतली होती आणि भरतीची वयोमर्यादा तोंडावर आली होती. बाकीच्या उमेदवारांसारखंच प्रशिक्षण घेऊन त्याने काही वर्षं एजंट म्हणून काम केलं. खेळ सुटल्यावर पुढे काय, या प्रश्नावर कितीतरी खेळाडू कोलमडतात, त्यामुळे मला त्याच्या कारकिर्दीचा हा भागही तितकाच मोठा वाटतो.

हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे निवृत्त दिग्गजांच्या सन्मान यादीसाठी, पात्र झाल्यावर पहिल्या काही वर्षांत त्याची निवड झाली नाही. मला हे चूक वाटतं. झेल आणि टचडाउन मोजणं सोपं असतं, म्हणून मतं तिकडे जातात. ज्याची चाल आज सगळ्या लीगमध्ये तरुण खेळाडूंना शिकवली जाते, त्याची जागा तिथेच असायला हवी.

तुम्हाला बघायचंच असेल तर यूट्यूबवर आधी टेनेसीविरुद्धचा सामना शोधा. चेंडूवाल्याकडे बघू नका, त्याला मागून किंवा बाजूने गाठणाऱ्या 33 नंबरच्या जर्सीच्या मोकळ्या हाताकडे बघा आणि चित्रफीत सावकाश चालवा. मग मॉसचा झेल बघा. तेवढ्याने शंका राहिल्या तर खाली विचारा, कॉर्नरबॅकबद्दल मी कितीही लिहू शकतो.