पोस्टग्रेस चालू असताना घेतलेला स्टोरेज स्नॅपशॉट रिव्हर्ट केला तर डेटा नीट येतो का?

तुमचा प्रश्न असा: पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा स्टोरेजच्या व्हॉल्यूमवर (डिस्कच्या एका भागावर) आहे, रोज रात्री डेटाबेस बंद न करता त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाचा फोटो होतो, उद्या काही बिघडलं तर तो रिव्हर्ट केला, म्हणजे व्हॉल्यूम त्या फोटोच्या अवस्थेत परत नेला, की झालं का? आणि पुढे तुम्ही लिहिलंय, "आमचे साहेब म्हणतात दहा मिनिटांचं काम आहे."

या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसलो आहे. हेच 'दहा मिनिटं' मी एकदा ऐकलेत आणि त्याचा मेमो अजून माझ्या कपाटात आहे.

आधी सरळ उत्तर. सगळा डेटा आणि वॉल फाइली (प्रत्येक बदल आधी ज्यांत नोंदला जातो त्या) एकाच व्हॉल्यूमवर असतील आणि स्नॅपशॉट एका क्षणाचा असेल, तर डेटाबेस बंद करायची गरज नाही. पोस्टग्रेसच्या लेखी तो क्षण म्हणजे अचानक वीज गेल्याचा क्षण. चालू केलं की शेवटच्या चेकपॉइंटपासून (तोवरचे बदल डेटा फाइलींत उतरल्याची खूण) वॉल वाचून तो स्वतःला सावरतो. पण वॉल वेगळ्या व्हॉल्यूमवर असेल तर हे उत्तर पार बदलतं. आणि 'रिव्हर्ट' कधीच करू नका. क्लोन करा, म्हणजे मूळ व्हॉल्यूम तसाच ठेवून स्नॅपशॉटपासून वेगळा व्हॉल्यूम काढा. का, ते सांगतो.

२०१८-१९ चा गळीत हंगाम. मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात ईडीपी, म्हणजे संगणक विभागात होतो. दिवसाला पाच हजार टन गाळप, काटा चोवीस तास चालू. गाडी भरलेली आली की एक वजन, गव्हाणीत ऊस टाकून परत आली की रिकामं वजन, दोन्ही मिळून एक खेप. त्या खेपेला शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, तोडणी टोळी, वाहतूकदार असं सगळं चिकटलेलं. यावरूनच शेतकऱ्याचं बिल निघतं, वाहतुकीचं निघतं, टोळीचंही निघतं. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) द्यायची असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, त्यामुळे आज हरवलेली खेप दोन आठवड्यांनी कुणाच्या तरी घरात भांडण होऊन उभी राहते. माझ्या वडिलांचा दोन एकर आडसाली ऊस त्याच कारखान्याला जायचा. डेटाबेसमधली एक ओळ म्हणजे काय असते हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सर्व्हरवर पोस्टग्रेस ९.६ होतं. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने वेग वाढावा म्हणून पीजी_एक्सलॉग, म्हणजे वॉलचं फोल्डर, वेगळ्या व्हॉल्यूमवर टाकून सिमलिंक (तिकडे नेणारा दुवा) दिली होती. स्टोरेजवर रात्री दोनला वॉलच्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट व्हायचा आणि दोन वाजून पाच मिनिटांनी डेटाच्या व्हॉल्यूमचा. हा क्रम कुणी ठरवला माहीत नाही. बहुतेक ज्या क्रमाने व्हॉल्यूम बनवले त्याच क्रमाने वेळापत्रक लागलं असावं.

जानेवारीतली सकाळ. डेटा व्हॉल्यूम भरत आला म्हणून त्या कंपनीचा इंजिनिअर दुरून जोडला गेला आणि जुने लॉग साफ करायला लागला. पीजी_लॉग फोल्डर रिकामं केलं, ते बरोबर. शेजारी पीजी_सीलॉग दिसलं, तेही रिकामं केलं. त्यात लॉग नसतात. कुठला व्यवहार पक्का झाला आणि कुठला रद्द झाला याची नोंद असते. ती गेली की डेटा जागेवर असूनही पोस्टग्रेसला कुठल्या ओळीवर विश्वास ठेवायचा ते कळत नाही. (नेमक्या अशाच चुका होतात म्हणून २०१७ मध्ये आलेल्या आवृत्ती १० मध्ये ही नावं बदलली: पीजी_सीलॉगचं पीजी_एक्सअ‍ॅक्ट झालं, पीजी_एक्सलॉगचं पीजी_वॉल.) नऊ चाळीसला काट्यावरून फोन आला, "साहेब, पावती निघंना."

मी डेटाबेस तातडीने थांबवला. 'इमिजिएट' पद्धतीने, म्हणजे जाता जाता तो आणखी काही लिहिणार नाही. आमचे ईडीपी मॅनेजर आले. फोनवर इंजिनिअर होताच. दोघांचं एकमत: दोन्ही व्हॉल्यूम रात्रीच्या स्नॅपशॉटला रिव्हर्ट कर, दहा मिनिटांत काटा चालू, सकाळच्या खेपा पावत्यांवरून पुन्हा भरू.

मी नाही म्हणालो. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटपर्यंत, बैलगाड्या वेगळ्या, शेतकी विभागाचे फोन, आणि मी सगळ्यात ज्युनिअर. तरी नाही म्हणालो. रिव्हर्ट म्हणजे आत्ताचा व्हॉल्यूम पुसून जुना आणणं, आणि आत्ताच्या वॉल व्हॉल्यूमला कुणी हातही लावलेला नव्हता. पहाटेपासूनची प्रत्येक खेप ज्या फाइलींमधून गेली त्यांतल्या शेवटच्या फाइली तिथे होत्या.

आधी आहे त्या मोडक्या अवस्थेचा दोन्ही व्हॉल्यूमचा नवा स्नॅपशॉट घेतला. मग रात्रीच्या दोन्ही स्नॅपशॉटचे क्लोन काढून दुसऱ्या सर्व्हरला जोडले. फाइलसिस्टिम एक्सएफएस असेल आणि मूळ व्हॉल्यूम त्याच मशीनवर असेल तर क्लोन माउंट होत नाही, म्हणजे जोडला जात नाही, कारण दोघांचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) एकच. 'नोयूयूआयडी' पर्याय द्यावा लागतो. खालच्या थरात एलव्हीएम (लिनक्सची व्हॉल्यूम सांभाळणारी सोय) असेल तर आधी क्लोनची ओळख बदलणारी व्हीजीइम्पोर्टक्लोन ही आज्ञा. माझं मशीन वेगळं होतं म्हणून तो त्रास वाचला. पण सिमलिंक तपासलीच. क्लोनमधली सिमलिंक जुन्याच पत्त्याकडे बघत असते. त्याच मशीनवर तसाच डेटाबेस चालू केला तर क्लोन थेट खऱ्या वॉलमध्ये लिहायला लागतो. टेबलस्पेस (डेटाचा काही भाग ठेवायच्या वेगळ्या जागा) असतील तर त्यांच्या सिमलिंकचंही तेच. पोर्ट बदला, आर्काइव्ह (भरलेल्या वॉल फाइलींची दुसरीकडे प्रत ठेवणं) बंद करा, बाहेरून कुणी जोडणार नाही अशी व्यवस्था करा. क्लोनने चालू आर्काइव्हमध्ये आपल्या फाइली कोंबल्या तर नंतर निस्तरता येत नाही.

क्लोन सुरू केला. पोस्टग्रेस उठेना, संदेश आला: पॅनिक. वैध चेकपॉइंट सापडत नाही.

दहा मिनिटांच्या उपायाचं खरं रूप ते होतं. वॉलचा फोटो दोनचा, डेटाचा दोन वाजून पाच मिनिटांचा. चेकपॉइंट मुळात पाच मिनिटांनी होतो. मधे एक होऊन गेला होता. डेटामधली कंट्रोल फाइल म्हणत होती 'अमुक ठिकाणापासून वाच', आणि दोनच्या वॉलमध्ये ते ठिकाण अजून लिहिलंच गेलं नव्हतं. क्रम उलटा असता, आधी डेटा आणि मग वॉल, तर बहुतेक निभावलं असतं, कारण लागणारा वॉल त्यात असता. स्टोरेजमध्ये दोन्ही व्हॉल्यूम एका कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये टाकले असते, म्हणजे दोघांचा फोटो एकाच क्षणी झाला असता, तर प्रश्नच आला नसता. रिव्हर्ट केला असता तर हीच पॅनिक खऱ्या सर्व्हरवर आली असती आणि मागे वळायला वाट उरली नसती.

इंजिनिअर म्हणाला, पीजी_रीसेटएक्सलॉग चालव. (आता त्याचं नाव पीजी_रीसेटवॉल आहे.) माझं स्पष्ट मत ऐका. हे हत्यार वॉल फेकून देतं आणि डेटाबेसला 'सगळं ठीक आहे' असं खोटं सांगून उभं करतं. डेटाबेस उठतो, माणसं टाळ्या वाजवतात, आणि महिन्याभराने इंडेक्स (टेबलाची शोधसूची) एक सांगतो, टेबल दुसरंच सांगतं. दुसरा कुठलाही मार्ग उरला नसेल तेव्हाच, प्रतीवर, आणि लगेच सगळा डेटा डम्प करून, म्हणजे बाहेर फाइलीत काढून, नव्या डेटाबेसमध्ये भरायच्या तयारीने ते चालवायचं. बिलाच्या डेटावर तर नाहीच.

माझ्याकडे दुसरा मार्ग होता. नोव्हेंबरमध्ये मी स्टोअरमधला एक टाकाऊ पीसी मागून घेतला होता, त्यात दोन डिस्क टाकल्या आणि वॉल आर्काइव्हिंग चालू करून भरलेली प्रत्येक सोळा एमबीची फाइल तिकडे जाईल असं केलं होतं. मॅनेजर तेव्हा म्हणाले होते, "स्नॅपशॉट असताना हा उद्योग कशाला?" त्या पीसीवर पहाटेपासूनच्या फाइली ओळीने होत्या. त्या क्लोनच्या वॉल फोल्डरमध्ये टाकल्या. शेवटची अर्धवट फाइल आर्काइव्हला गेलेली नव्हती, ती चालू वॉल व्हॉल्यूमवरून उचलली. डेटाबेस सुरू केला आणि लॉगमध्ये एकामागून एक फाइल पुढे सरकताना बघत उभा राहिलो. काट्यावरच्या मामांनी हाताने पावत्या फाडून रांग चालू ठेवली होती. त्यांचा मी आजही ऋणी आहे.

डेटाबेस उठला. पूर्ण पीजी_डम्प काढला, कारण डम्प काढताना प्रत्येक टेबलाची प्रत्येक ओळ वाचली जाते आणि कुठे तुटलं असेल तर तिथेच अडकतं. तोच क्लोन मूळ जागी लावला. एक वाजून पन्नास मिनिटांनी काटा संगणकावर आला. दोन वाजून पाच मिनिटांपासून नऊ चाळीसपर्यंतच्या १८६ खेपा होत्या. संध्याकाळी पावत्यांच्या स्थळप्रतींशी एकेक ताडून पाहिल्या. १८६ च भरल्या. शेवटच्या अर्धवट फाइलीत त्यांतल्या १९ होत्या. रिव्हर्ट केला असता तर आर्काइव्ह असूनही त्या १९ गेल्याच असत्या. आणि आर्काइव्हकडे त्या खोलीत माझ्याशिवाय कुणाचं लक्षही नव्हतं.

मला मेमो मिळाला. 'वरिष्ठांच्या सूचनेचं पालन न केल्याने काटा विभागाचं संगणकीय काम चार तास दहा मिनिटं बंद राहिलं.' मी उत्तरात १८६ खेपांची यादी जोडली. त्या १९ खेपांपुढे शेतकऱ्यांची नावं लिहिली. पावत्यांवरून पुन्हा भरता आल्या असत्या हा त्यांचा मुद्दा मी तेव्हाही मानला नाही, आजही मानत नाही. पावतीवरून माणूस भरतो. घाईत गट नंबर चुकतो, रिकामं वजन व्हायची गाडी अर्धवट राहते, आणि चूक कळायला पंधरवडा जातो.

आता तुमच्या प्रश्नातल्या ज्या गोष्टी राहिल्या त्या.

स्नॅपशॉटला बॅकअप म्हणू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. सांगलीत माझ्या एका मित्राच्या ऑफिसचं स्टोरेज तळमजल्यावर होतं, त्यावर तीस दिवसांचे स्नॅपशॉट होते, आणि ते सगळे त्याच पेटीत पाण्याखाली गेले. दुसऱ्या जागी प्रत हवीच. तरी स्नॅपशॉट निरुपयोगी आहे असंही मी म्हणणार नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या मुख्य डेटाबेसचं फोल्डर चुकून पुसलं गेलं, नेहमीचा डम्प आवृत्तीच्या गोंधळामुळे आधीपासून अपयशी ठरत होता, आणि त्यांना वाचवलं ते कुणीतरी सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटने. त्यांनी हे सगळं स्वतः जाहीर केलं. दर महिन्याला एकदा स्नॅपशॉटचा क्लोन काढून डेटाबेस सुरू करून बघितला नसेल, तर तो चालतो असं धरू नका.

एलव्हीएमचा साधा स्नॅपशॉट वापरत असाल तर त्याला दिलेली जागा भरली की तो बाद होतो, हे बघत राहा. झेडएफएस या फाइलसिस्टिमवर जुन्या स्नॅपशॉटला रोलबॅक (तिथला रिव्हर्ट) करायचं तर मधले नवे स्नॅपशॉट नष्ट करावे लागतात, म्हणजे तुम्ही नुकताच काळजीने घेतलेलाही. तिथे क्लोनच.

क्लाउडवर, अ‍ॅमेझॉनच्या ईबीएस या डिस्क-सेवेवर असाल, तर स्नॅपशॉटपासून व्हॉल्यूम लगेच 'तयार' दिसतो, पण ब्लॉक पहिल्यांदा वाचताना मागून येतात. त्यामुळे सुरुवातीचे काही तास डेटाबेस रखडतो. आधी सगळा व्हॉल्यूम एकदा वाचून काढा किंवा फास्ट स्नॅपशॉट रिस्टोअरचे (हा उशीर टाळणाऱ्या सोयीचे) पैसे भरा.

डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर त्यातली इनोडीबी प्रकारची टेबलं अशीच सावरतात, मायआयसॅम प्रकारची नाही. त्यांच्यासाठी स्नॅपशॉटच्या क्षणी लॉक घ्यावा, म्हणजे लिहिणं थांबवावं लागतं. कुणी अट न घालता डिलीट चालवलं असेल तर माझी वरची पद्धत उपयोगाची नाही, कारण वॉलमध्ये ते डिलीटही आहे. त्यासाठी बेस बॅकअप (आधी घेतलेली पूर्ण प्रत) आणि आर्काइव्ह घेऊन ठरावीक वेळेला थांबणारी रिकव्हरी लागते. आणि माझ्याकडे दुसरा सर्व्हर रिकामा होता. तुमच्याकडे नसेल तर आजच बघून ठेवा की क्लोन कुठे उभा करणार.

साहेबांना एवढंच विचारा: शेवटची नोंद किती वाजताची आहे आणि रिव्हर्ट केल्यावर ती कुठून आणायची? उत्तर ईमेलवर मागा. मी त्या दिवशी तोंडी विचारलं होतं, म्हणून मेमोत त्याचा उल्लेख नाही.