कानात मांस वाढलंय, ओढून काढायचं का?

प्रश्न : माझ्या आईचं वय ६४ आहे, तिला मधुमेह आहे. चार महिन्यांपासून तिचा उजवा कान वाहतो आणि घाण वास येतो. ड्रॉप्स घातले की थोडे दिवस थांबतं, मग पुन्हा तेच. आता डॉक्टर म्हणतात, कानात मांस वाढलंय. स्कॅन करू, तुकडा तपासायला पाठवू. आई म्हणते, चिमट्यानं ओढून काढा, तपासण्या कशाला? आम्हाला कॅन्सरची भीती वाटते.

उत्तर : तपासण्या कराच. आईंना समजवायला थोडं सविस्तर लिहिते.

कानात दिसणारा लालसर, हात लावताच रक्त येणारा गोळा म्हणजे बहुतेकदा पॉलिप, जुन्या जंतुसंसर्गामुळे फुगलेलं मऊ मांस. मला काळजी असते ती त्याच्या मागे काय दडलंय याची. कानाच्या पडद्यावरची कातडी एरवी हळूहळू बाहेर सरकते आणि मृत पेशी बाहेर टाकते. पडदा आत ओढला गेला, की तिथल्या खळग्यात ही कातडी कांद्याच्या पापुद्र्यांसारखी थरावर थर साचते. हा कोलेस्टिआटोमा. तो कॅन्सर नव्हे, पण हाड पोखरतो. ऐकू येण्याच्या नाजूक हाडांपासून चेहऱ्याच्या नसेपर्यंत त्याची मजल जाते. पॉलिपचं मूळ कधी कधी याच हाडांना किंवा नसेला चिकटलेलं असतं, म्हणून तो आंधळेपणानं ओढायचा नाही. कुणी दवाखान्यात ‘आत्ताच काढून टाकतो’ म्हणालं, तर नको म्हणा.

आधी मायक्रोस्कोपखाली कान साफ करून नीट बघतात, ऐकण्याची चाचणी करतात. सीटी स्कॅनमध्ये हाड कुठे झिजलंय ते दिसतं. कोलेस्टिआटोमा निघाला, तर इलाज ऑपरेशनच. ड्रॉप्सनी वाहणं थांबेल, तो जाणार नाही. ऑपरेशननंतरही तो पुन्हा होऊ शकतो, त्यामुळे तपासणीला अनेक वर्षं जावं लागतं.

कानाच्या नळीचा कॅन्सर दुर्मीळ आहे. पण सुरुवातीला तो अगदी साध्या कानदुखीसारखा, वाहत्या कानासारखा दिसतो आणि महिनोन्‌महिने ड्रॉप्सवरच काढले जातात, याचं मला फार वाईट वाटतं. नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नाही, बायोप्सीनंच, म्हणजे तुकडा तपासूनच, कळतो. तुमच्या डॉक्टरांनी ती सुचवली, हे चांगलंच झालं.

मधुमेहाबद्दल वेगळं सांगते. वयस्कर मधुमेही रुग्णांत नळीतला जंतुसंसर्ग कवटीच्या हाडात शिरू शकतो, आणि तिथेही नळीच्या तळाशी असंच मांस दिसतं. याची खूण म्हणजे झोप उडवणारं, रात्री वाढणारं दुखणं. त्यावर सहसा सहा आठवडे किंवा जास्त अँटिबायोटिक द्यावं लागतं आणि साखर आटोक्यात ठेवावीच लागते. आईंना रात्री किती दुखतं हे विचारून डॉक्टरांना जरूर सांगा.

तोवर कानात पाणी जाऊ देऊ नका; तेल, काडी, पिन काही घालू नका. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, गरगरायला लागलं किंवा तापाबरोबर डोकं खूप दुखलं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.