मनिलाच्या डिव्हिसोरिया बाजारात स्वस्त खरेदी कशी करावी? घासाघीस चालते का?

चालते, अगदी रोजची चालते. पण तुम्ही विचारलंय की सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करू का, तर तसं करू नका. मी मनिलात राहते आणि घरची बरीचशी खरेदी डिव्हिसोरियातच करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा बाजार मुळात ठोकाचा. ठिकठिकाणचे छोटे दुकानदार इथून माल भरून नेतात. त्यामुळे भाव उतरतो तो नगांवर, तुमच्या चिकाटीवर नाही. एक टी-शर्ट घेतलात तर थोडेफार पेसो सुटतील. तेच तीन किंवा सहा घेतले की ठोकाचा भाव लागतो, आणि बऱ्याच स्टॉलवर दोन्ही भाव पुठ्ठ्यावर लिहिलेलेच असतात. रंग आणि मापं मिसळून चालतील का, एवढं आधी विचारून घ्या. नातेवाइकांसाठी, ऑफिसातल्यांसाठी काही न्यायचं असेल तर घरूनच यादी करून निघा आणि शक्य तेवढं एकाच ठिकाणी घ्या. सोबत मैत्रीण असेल तर एकत्र घेऊन नंतर वाटून घ्या.

आता बोलण्याबद्दल. आपल्याकडे मालात खोट काढायची, नाक मुरडायचं आणि चालू पडायचं, मग मागून हाक येते. इथे ती येईलच असं नाही. चारचौघांत माल वाईट म्हटलेला विक्रेतीला लागतो. ती हसते, गप्प बसते आणि सौदा तिथेच संपतो. त्यापेक्षा बाईंना ‘आते’, पुरुषाला ‘कूया’ म्हणा (आपलं ताई-दादाच), ‘माग्कानो पो?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ असं आदराने विचारा, वस्तू आवडली तर आवडली म्हणा आणि मग ‘लास्ट प्राइस?’ विचारा. गोंगाटात ऐकू येत नाही म्हणून ती कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून तुमच्यापुढे धरते. तुम्ही तुमचा आकडा टाकून परत द्यायचा. दोन फेऱ्यांत जमलं तर ठीक, नाहीतर आभार मानून पुढे जा. तोंडी भाव बहुधा स्पॅनिश आकड्यांत येतो: बेंते म्हणजे २०, सिंक्वेंता ५०, दोस सिंक्वेंता २५०. एवढे पाठ असले तरी पुष्कळ झालं.

सकाळी लवकर जाण्याचा फायदा गर्दीपुरता नाही. भवानीचं महत्त्व इथेही आहे, त्याला ‘ब्वेना मानो’ म्हणतात. पहिलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत. पैसे हातात आले की ती नोट बाई रचलेल्या कपड्यांवर, लटकवलेल्या पिशव्यांवर एकेक करून टेकवत जाते, दिवस चांगला जावा म्हणून. आपल्याकडे नोट कपाळाला लावतात तसंच. मात्र भवानीच्या वेळी भाव विचारलात तर घ्यायची तयारी ठेवा. आणि पुन्हा जाणार असाल तर त्याच बाईकडे जा. एकदा तुम्ही तिचे ‘सुकी’, म्हणजे बांधलेलं गिऱ्हाईक झालात की मागायच्या आधीच भाव कमी होतो.

जायला एलआरटी-२ या शहरी रेल्वेने रेक्तो स्टेशन, तिथून डिव्हिसोरियाची पाटी असलेली जीपनी, म्हणजे इथली लांबट शेअर गाडी. कापड आणि पडदे इलाया रस्त्यावर, तर रिबिनी, मणी, कागदी-कापडी फुलं, सजावटीचं सामान ताबोरा रस्त्यावर. ताबोरा नुसतं बघायला म्हणूनही जा, रंगांनी डोळे निवतात. २०, ५० आणि १००च्या नोटा सुट्या ठेवा, पाठीवरची सॅक पोटाशी घ्या, फोन रस्त्यात काढू नका. सप्टेंबरपासूनच नाताळची खरेदी सुरू होते आणि डिसेंबरात पाय ठेवायला जागा नसते. भूक लागली तर गाडीवरचं ‘तुरोन’ घ्या: केळं आणि बरेचदा फणसाचा गराही पातळ पापुद्र्यात गुंडाळून साखरेत तळलेला.

वापरलेले कपडे, म्हणजे ‘उकाय-उकाय’, हवे असतील तर जमल्यास बागिओला जा. विक्रीसाठी परदेशातले जुने कपडे आणायला १९६६च्या कायद्याने बंदी आहे, तरी हा धंदा देशभर उघड्यावर चालतो. बागिओ सुमारे १,५०० मीटर उंचीवरचं थंड शहर, त्यामुळे जॅकेटं तिथे भरपूर. रात्री ९च्या सुमारास हॅरिसन रोड गाड्यांना बंद होतो आणि रस्ताभर बाजार मांडला जातो. जॅकेट घेताना चेन पूर्ण वर-खाली करून बघा, काखेतली शिवण ताणा, कॉलर उलटून बघा, खिशात हात घालून अस्तर फाटलंय का तपासा. तिथला उजेड पिवळट असतो, म्हणून डाग मोबाइलच्या टॉर्चमध्ये पाहा.

एक वस्तू मात्र मी आग्रहाने सांगेन: शिंपल्याचा ‘पारोल’, नाताळचा चांदणीसारखा कंदील. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जो पातळ, अर्धपारदर्शक शिंपला बसवलेला असतो तोच हा, इथे त्याला कापीस म्हणतात. मनिलाच्याच कियापो भागात केसोन पुलाखाली हस्तकलेच्या वस्तूंची दुकानं आहेत, तिथे विचारा. शिंपल्याचा एकेक तुकडा तारेच्या सांगाड्यात हाताने बसवलेला असतो, तेव्हा त्याचा भाव फार ताणू नका. विकत घेण्याआधी दिवा लावून दाखवायला सांगा, तडे लगेच दिसतात. आणि विमानात तो बॅगेत टाकू नका, कपड्यांत गुंडाळून हातातच न्या.