पाळक म्हणतात राजकारणात पडू नका, मग मत द्यायचं की घरी बसायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : यंदा अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, पहिलंच मतदान समोर आहे. तुमच्या चर्चचे पाळक सांगतात, आपलं नागरिकत्व स्वर्गातलं, राजकारणात पडू नका. आणि ज्या उमेदवाराची कुटुंबाविषयीची मतं तुम्हाला पटतात, तोच काळ्या लोकांबद्दल आणि बाहेरून आलेल्यांबद्दल वाटेल ते बोलतो. तेव्हा ख्रिस्ती माणसाने घरी बसलं तर चालेल का?

मी मूळची अहमदनगरची, बरीच वर्षं व्हर्जिनियात राहते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काळे, गोरे, आपले देशी असे सगळे आहेत. माझं मत स्पष्ट आहे : घरी बसू नका. आणि उमेदवाराचा वर्णद्वेष त्याच्या बाकीच्या गुणांत वळता करून घेऊ नका.

पाळकांनी सांगितलेलं वचन बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं आहे. प्रेषित पौलाने ते लिहिलं फिलिप्पै शहरातल्या विश्वासणाऱ्यांना. त्याच शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडलंय, जा आता. पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक असून आम्हाला चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप घालवता काय? स्वतः या आणि आम्हाला बाहेर काढा, असं त्याने ठणकावलं. अधिकारी घाबरले, आले, विनवण्या करू लागले. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16, सवडीने वाचा. स्वर्गाचं नागरिकत्व शिकवणाऱ्या माणसाने इथलं नागरिकत्वही वापरलं, आणि मला वाटतं ते फक्त स्वतःसाठी नव्हे. तो पुढच्या गावी जाणार होता. लुदिया नावाच्या बाईच्या घरी जमणारी ती लहानशी मंडळी मात्र तिथेच राहणार होती.

आता मी राहते त्या राज्यातलं सांगते. व्हर्जिनियात 1902 च्या राज्यघटनेने मत द्यायला कर लावला होता. वर्षाला दीड डॉलर, तोही मागच्या तीन वर्षांचा, निवडणुकीच्या सहा महिने आधी भरलेला. गरीब गोरेही त्यात अडकले, पण तो लावला होता काळ्यांना यादीबाहेर ठेवण्यासाठी. आमच्या मंडळीतल्या एका आजींकडे त्यांच्या वडिलांच्या या कराच्या पावत्या आहेत. वडील डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक होते. घरात एकच मोठं बायबल, त्यातच पावत्या ठेवलेल्या. मी त्या हातात घेऊन पाहिल्यात : पिवळे पडलेले, घडीवर विरलेले कागद, वर साल आणि रक्कम. मुलांच्या बुटांचे पैसे मागे पडले तरी चालतील पण हे नाही, असं ते म्हणत, असं आजी सांगतात. केंद्रीय निवडणुकांपुरता हा कर 1964 मध्ये घटनादुरुस्तीने गेला, राज्याच्या निवडणुकांतला 1966 मध्ये सुप्रीम कोर्टाने काढला. ज्या मतासाठी एक डीकन अशा पावत्या जपून ठेवत होता, ते आपण श्रद्धेचं नाव सांगून वाया घालवावं, हे मला पटत नाही.

तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू अवघड आहे. बाकी सगळं जुळतं, फक्त हे एक खटकतं. याच राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग आहे. तिथे 1951 मध्ये काळ्या मुलांच्या पडक्या शाळेविरुद्ध बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने संप घडवून आणला. त्यातून उभा राहिलेला खटला पुढे सुप्रीम कोर्टातल्या ब्राउन खटल्यात सामील झाला आणि 1954 मध्ये निकाल लागला की शाळांत वर्णभेद चालणार नाही. त्यावर काउंटीच्या निवडून आलेल्या सुपरवायझरांनी, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने काय केलं? शाळांसाठी पैसेच मंजूर केले नाहीत. 1959 ते 1964, पाच वर्षं, सगळ्या सरकारी शाळा बंद. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली आणि तिचे वर्ग सुरुवातीला चर्चच्या इमारतींतही भरले. काळ्या मुलांना पहिली चार वर्षं नीट शाळाच नव्हती. काहींना नातेवाइकांकडे परगावी धाडलं, पुष्कळांचं शिक्षण कायमचं तुटलं.

त्या सुपरवायझरांना मतं देणारे लोक दर रविवारी उपासनेला जात होते. आपले उमेदवार कुटुंबवत्सल, देवभीरू आहेत असंच त्यांना वाटत असणार. फक्त एक गोष्ट त्यांना खटकली नाही, आणि त्या एका गोष्टीपायी वर्षानुवर्षं लेकरांच्या हातून पाटी गेली. त्याच काउंटीत फार्मव्हिल गावच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे पाळक फ्रान्सिस ग्रिफिन मुलांच्या पाठीशी उभे राहिले. शाळा उघडायला लावणाऱ्या 1964 च्या खटल्याला त्यांचंच आडनाव आहे. शास्त्र दोघांचं एकच होतं. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की माणसांत पक्षपात कराल तर ते पाप आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढे बसवणं जर पाप, तर एका रंगाच्या लेकरांना शाळेबाहेर ठेवणारा निवडून देणं काय म्हणायचं?

आणि आपण मराठी ख्रिस्ती माणसांनी हे जास्त नीट ओळखायला हवं. देवाच्या मेजावर एकत्र बसून लग्न जुळवताना मूळ जात विचारणारे लोक आपल्याही मंडळ्यांत आहेत. शिवाय 1965 पर्यंत भारतातून इथे स्थायिक व्हायला वर्षाला जेमतेम शंभर जणांचा कोटा होता. नागरी हक्कांच्या चळवळीने तापलेल्या त्या वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये स्थलांतराचा. पुढे आपल्याकडचे इतके लोक इथे येऊ शकले ते त्या दुसऱ्या कायद्यामुळे.

पाळकांनी व्यासपीठावरून पक्षाचा प्रचार करू नये, हे मला मान्य आहे. मंडळी कुठल्या पक्षाची नसते, आणि कुठलाही पक्ष म्हणजे देवराज्य नव्हे. पण वर्णद्वेषाला पाप म्हणणं हा प्रचार नाही, हे त्यांच्याशी आदराने बोला.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पटणाऱ्या पक्षातला उमेदवारच असं बोलत असेल, तर त्याला अडवण्याची जागा प्रायमरी आहे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक. तिथे थोडी मतं पडतात आणि प्रत्येक मताला वजन येतं. व्हर्जिनियात मतदार म्हणून पक्षाची नोंदणी नसते, कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. तुमच्या राज्यात नियम वेगळा असू शकतो, चौकशी करा. उमेदवाराच्या कचेरीला पत्र लिहा, ख्रिस्ती आहात आणि कोणतं बोलणं सहन होत नाही ते नावानिशी कळवा. नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत एका पदासाठी कोणावरच मन बसलं नाही, तर ती एक जागा कोरी सोडता येते, बाकीची मतं मोजली जातात. घरात कोणी अजून ग्रीन कार्डवर असेल तर त्याने मतदार नोंदणीचा फॉर्म चुकूनही भरू नये, देशाबाहेर जायची वेळ येऊ शकते. नमुना मतपत्रिका आधीच पाहून ठेवा, आणि अध्यक्षपदाच्या नावावर थांबू नका. शेरीफ, स्कूल बोर्ड, काउंटीचे सुपरवायझर कोण उभे आहेत ते वाचून जा. शाळा बंद ठेवण्याचं काम प्रिन्स एडवर्डात सुपरवायझर पदावरच्या माणसांनीच केलं होतं.