नॅसवरचे चित्रपट पीएस५ वर का दिसत नाहीत?

नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली, फाइली साठवणारी पेटी) आणि पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ गेम कन्सोल) एकाच राउटरवर आहेत, नॅसवर डीएलएनए (नेटवर्कवरून दुसऱ्या उपकरणाला व्हिडिओ, गाणी पुरवायची पद्धत) चालू आहे, तरी कन्सोलला काहीच सापडत नाही, हा तुमचा प्रश्न. नॅस ठीकच असणार. पीएस३ ला डीएलएनए थेट कळायचं, पीएस४ ला ते २०१५ मध्ये मीडिया प्लेअर अ‍ॅपमधून मिळालं. पीएस५ मध्ये मात्र सोनीने ते दिलेलंच नाही, त्यामुळे सेटिंग्ज उचकत बसू नका.

नॅसवर प्लेक्स सर्व्हर (आपले चित्रपट इतर उपकरणांवर पाठवणारं सॉफ्टवेअर) टाका, पीएस५ वर प्लेक्सचं अ‍ॅप घ्या. टीव्हीवर चार अक्षरांचा कोड येतो, तो फोनवरून भरला की झालं.

खरी डोकेदुखी पुढे. चित्रपट अडखळायला लागला की सगळे वायफायला शिव्या देतात. आधी प्लेक्सचा डॅशबोर्ड (आत्ता काय, कसं चालू आहे ते दाखवणारं पान) उघडून बघा. तिथे ‘डायरेक्ट प्ले’ असेल तर फाइल जशीच्या तशी जातेय. मग शंका नेटवर्कवरच, लॅन केबल लावून बघा. ‘ट्रान्सकोड’ दिसलं तर नॅसचा बिचारा प्रोसेसर चालत्या गाडीत व्हिडिओ नव्याने बनवतोय. बऱ्याचदा कारण क्षुल्लक असतं, ते म्हणजे सबटायटल. ब्लू-रेवरून आलेली पीजीएस सबटायटल्स म्हणजे अक्षरं नसून चित्रं असतात, आणि ती दाखवायला अनेकदा अख्खा व्हिडिओ पुन्हा एन्कोड करावा लागतो. सबटायटल बंद करून बघा. अडखळणं थांबलं तर चित्रपटाच्याच नावाची एसआरटी फाइल (साध्या अक्षरांतली सबटायटल्स) त्याच्याशेजारी ठेवा आणि ती निवडा.