लेबलाजवळची शेवटची तीन मिनिटे

आपण विचारले आहे की विनाइलच्या तबकडीवरची प्रोग्रेसिव्ह रॉकची (लांबलचक, अनेक भागांच्या रचनांच्या रॉक संगीताची) सर्वांत आवडती बाजू कोणती, आणि पुढे असेही लिहिले आहे की नव्या टर्नटेबलवर लांब बाजू अखेरीस फाटल्यासारख्या वाजतात, तेव्हा हे संगीत सीडीवरच ऐकलेले बरे नाही का. पहिल्याचे उत्तर एका ओळीचे आहे: जेनेसिस या बँडच्या 'फॉक्सट्रॉट' अल्बमची (१९७२) दुसरी बाजू. दुसऱ्यावरून मात्र माझे आणि माझ्या थोरल्या भावाचे वर्षानुवर्षे वाजत आले आहे.

ती बाजू स्टीव्ह हॅकेटच्या दीडएक मिनिटाच्या एकट्या गिटारने उघडते आणि मग सात भागांचे 'सपर्स रेडी' सुमारे तेवीस मिनिटे चालते. आरंभी हळुवारपणे आलेली धून शेवटच्या भागात मेलोट्रॉनच्या (टेपवर मुद्रित केलेले सूर वाजवणाऱ्या कळवाद्याच्या) भरावावर परत येते, पीटर गॅब्रिएलचा आवाज चढत जातो, आणि नेमक्या त्याच वेळी सुई तबकडीच्या मधल्या लेबलापाशी पोहोचलेली असते. आमच्या रेकॉर्डवर त्या जागी गाण्यातला प्रत्येक 'स' चरचरत असे. दादा म्हणे, "रेकॉर्ड झिजली आहे, आणि मुळात एवढी लांब रचना तबकडीसाठी नाहीच. बाजू ही कलेची गरज नव्हे, जागेची अडचण आहे." त्याने सीडी आणली आणि रेकॉर्ड कपाटावर गेली.

तो नोकरीनिमित्त बाहेरगावी गेल्यानंतर एका रात्री मी ती खाली काढली. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरणाऱ्या तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी लांबीत दाटलेला असल्याने तिथे सुईच्या कोनातली लहानशी चूकही ऐकू येते. मी छापील प्रोट्रॅक्टर (सुईचा कोन तपासायचा रेषांचा तक्ता) तबकडीच्या जागी ठेवला, सुई त्याच्या आतल्या बिंदूवर टेकवली आणि भिंग लावून पाहिले, तर कार्ट्रिजची, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीची, कड रेषेला समांतर नव्हती. ते दोनेक मिलिमीटर मागे बसवलेले होते. दोन्ही स्क्रू सैल करून ते पुढे सरकवणे, पुन्हा तपासणे, पुन्हा किंचित वळवणे यात तास गेला. मग मी थेट शेवटची तीन मिनिटे लावली. 'स' हा 'स'च ऐकू आला. सुट्टीत दादा आला तेव्हा त्याने अख्खी बाजू उभ्याने ऐकली आणि विचारले, "सुई नवी घातलीस का?" सुई तीच होती.

म्हणून, रेकॉर्डला दोष देण्याआधी आपले कार्ट्रिज तपासा. आणि बाजू ही केवळ अडचण होती, हे मी मुळीच मानत नाही. पिंक फ्लॉइडच्या 'मेडल'ची (१९७१) दुसरी बाजू पाहा: 'एकोज'चा तो एकच टणत्कारणारा पियानोचा सूर बाहेरच्या, ऐसपैस खाचेत येतो आणि तेवीस मिनिटांनी रचना जिथे खाचेचे वळण आखूड होते तिथेच विरत जाते. येस या बँडच्या 'क्लोज टू द एज'ची पहिली बाजूही पाण्याच्या आणि पाखरांच्या आवाजात मिटते. सीडीवर 'फॉक्सट्रॉट'ची पहिली बाजू संपते न संपते तोच हॅकेटची गिटार सुरू होते. उठून तबकडी उलटताना जी शांतता मिळते तिच्याशिवाय ती गिटार मला अपुरी वाटते. हे दादाला मी शंभरदा सांगितले आहे.

त्याचे एक म्हणणे मात्र खरे आहे: जागा भरण्यासाठीही संगीत ताणले गेले. येसच्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'च्या (१९७३) चार बाजूंवर चारच रचना आहेत आणि त्यांतल्या निदान दोन निम्म्या लांबीत अधिक चांगल्या झाल्या असत्या. शिवाय चोवीस मिनिटांच्या बाजूवर खाचा दाटीने बसवाव्या लागतात, म्हणून ती हळू आवाजात कापतात आणि तिच्यावर धुळीची खरखर अधिक ऐकू येते; साध्या गोल टोकाच्या सुईने तर कोन अचूक असूनही आतली वळणे पूर्ण स्वच्छ वाजणार नाहीत. रश या बँडच्या '२११२'ची पहिली बाजूही लेबलाजवळ दणक्यात संपते. कार्ट्रिज बसवून झाले की आधी तो शेवट लावून पाहा, 'सपर्स रेडी' त्यानंतर.